खिडकीतून धरलेली जागा

एसटीच्या खिडकीची काच पूर्ण सरकवली, तर उघडी राहणारी जागा साधारण एक वीत आणि चार बोटं रुंद असते. उंची त्याच्या दुपटीहून थोडी कमी. एवढ्या जागेतून हातरुमाल जातो, टोपी जाते, पिशवी जाते आणि खांदे तिरपे केले तर आठ वर्षांची मुलगीही जाते. मुलगी आणि पिशवी मात्र एकदम जात नाहीत. आधी मुलगी, मग पिशवी, असाच क्रम ठेवावा लागतो. हिवरखेडच्या किसनराव गावंडे यांना हा क्रम पाठ होता.

हातरुमालावर त्यांचा विश्वास नव्हता. रुमाल कोणीही उचलून खिडकीबाहेर झटकतो. मुलगी उचलून कोणी झटकत नाही.

"खुशी, तिघाइची जागा धर," अकोल्याच्या स्टँडवर खिडकीखाली उभं राहून ते म्हणाले. "पाय लांब कर. कोणीबी आलं तरी उठाचं नाही."

"कंडक्टर आली तं?"

"तरी नाही."

"अन् कोणी म्हातारं आलं तं?"

किसनरावांनी क्षणभर विचार केला. "म्हातारा मीच हावो. मी येऊन राह्यलो ना."

खुशीनं मान डोलावली. ती सांगितलेलं काम नीट करणारी मुलगी होती, आणि पुढचा सगळा घोटाळा तिच्या याच गुणामुळे वाढला.

किसनराव गेली तीस वर्षं अकोटची गाडी तिसऱ्या फलाटावर पकडत होते. पाटी वाचण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती. त्या दिवशी तिसऱ्या फलाटावर अमरावतीची गाडी लागली होती. पाटीवर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलं होतं, तेही दोन ठिकाणी. किसनराव दाराशी गर्दीत कोपर घालत असताना मागून त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, ती वाचली.

"अवो, हे तं अमरावतीची हाय!"

"तिसऱ्यावर अकोटचीच लागते."

"लागत असन. पण पाटी वाचा ना!"

किसनरावांनी मान वर करून पाटी वाचली. तेवढ्यात दार लागलं, आत दोनदा घंटी वाजली, आणि गाडी खुशीला, पिशवीला आणि पिशवीतल्या किसनरावांच्या मोबाईलला घेऊन निघाली. ते मागे धावले. स्टँडच्या फाटकापर्यंत ते आणि गाडी बरोबरीनं होते. नंतर गाडीनं दुसरा गिअर टाकला.

एवढी घाई करायचं खरं तर काही कारण नव्हतं. कारण होतं ते टाळण्याचं.

खुशी वच्छलाबाईंच्या मामेबहिणीची मुलगी. चार वर्षांपूर्वी एका अपघातात तिचे आईवडील गेले, तेव्हा वच्छलाबाई तिला घरी घेऊन आल्या. घरात मूलबाळ नव्हतं. खुशीला सुरांचं विलक्षण ज्ञान होतं. गावच्या भजनी मंडळात पेटीजवळ बसून बसून ती सहाव्या वर्षी सगळ्या पट्ट्या ओळखायला लागली. मग घरातलं काहीच सुटलं नाही. कुकरची शिट्टी काळी दोन, पिठाची गिरणी पांढरी चार, शेजारची म्हैस काळी एकच्या जरा खाली. दत्तकाचे कागद अकोल्याच्या वकिलाकडे दोन वर्षांपासून तयार होते. किसनरावांची सही तेवढी बाकी होती. वच्छलाबाईंनी विचारलं की ते म्हणायचे, "पाहू." शाळेच्या फॉर्मवर पालकाच्या नावापुढे 'नाते' असा रकाना असतो. तिथे ते दरवर्षी एक आडवी रेघ मारत.

म्हणून वच्छलाबाईंनी बेत केला होता. अकोल्यात एक सिनेमा लागला होता. त्यात एक अनाथ मुलगा असतो. त्याला आईची अर्धीच अंगाई आठवत असते, आणि तो ती बासरीवर वाजवत गावोगाव आईला शोधत फिरतो. मध्येच एक मिशीवाला माणूस 'मी तुझा मावसा' म्हणून त्याला धरून नेतो, स्टेशनांवर बासरी वाजवायला लावतो, वाजवली नाही तर उपाशी ठेवतो. शेवटी एका जत्रेत मुलगा अर्धी अंगाई वाजवतो आणि गर्दीतून त्याची आई उरलेली अर्धी म्हणते. सिनेमा पाहून नवऱ्याचं मन पाघळलं की तसंच हाताला धरून वकिलाकडे न्यायचं, असा वच्छलाबाईंचा हिशेब. टॉकीजपासून वकिलाचं ऑफिस चालत सहा मिनिटांवर होतं.

हिशेब निम्मा बरोबर निघाला. किसनरावांनी तीनदा डोळे पुसले आणि तिन्ही वेळा एसीच्या हवेला दोष दिला. आख्ख्या टॉकीजात एकटी खुशी रडली नाही.

"शेवटी बासरी उतरली होती," ती बाहेर येऊन म्हणाली. "अन् मायचा सूर वरचा होता. त्या दोघाइचं जुळतच नाही. लोकं रडून काहून राह्यले होते?"

"मंग?" वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "जाचं काय वकिलाकडे?"

"पाहू," किसनराव म्हणाले. "पहिले गाडी पकडू. जागा भेटत नाही मंग." आणि त्यांनी स्टँडच्या दिशेनं इतका जोरात पाय उचलला, की मागच्या दोघींना पळावं लागलं.

इकडे अमरावतीच्या गाडीत खुशी तिघांच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. तिच्या डोक्याशी मूर्तिजापूरच्या बचत गटाच्या अकरा बायका उभ्या होत्या. त्या सगळ्या बारा वाजताच्या त्याच खेळाला जाऊन आल्या होत्या, आणि त्यांचे डोळे अजून सुजलेले होते. गटाच्या अध्यक्षा पार्बताबाई पुढे झाल्या.

"पोरी, पाय घे माय. बसू दे."

"नाही. मावसानं सांगितलं, कोणीबी आलं तरी उठाचं नाही."

'मावसा' हा शब्द ऐकताच अकरा माना एकदम वळल्या.

"कोणं सांगितलं?"

"मावसानं."

पार्बताबाईंनी आवाज खाली आणला. "तुही माय कुठी हाय, बाई?"

"देवाघरी."

"अन् बाप?"

"तोबी."

"अन् हा मावसा… त्याले मिशा हायेत काय?"

"हायेत ना. मोठ्या."

मागे कोणीतरी 'अगं माय!' म्हणालं. पार्बताबाईंनी हातानं सगळ्यांना शांत केलं आणि खुशीच्या पायांपाशी उरलेल्या चार बोटं जागेवर टेकल्या.

"मावसा तुले गाणं म्हणाले लावते काय?"

"हो. रोज संध्याकाळी."

"अन् नाही म्हटलं तं?"

"तं जेवाले उशीर होते," खुशी म्हणाली. ते खरंच होतं. भजन झाल्याशिवाय किसनराव पाटावर बसत नसत, आणि ते बसल्याशिवाय वच्छलाबाई कोणालाच वाढत नसत.

"मारते काय?"

"नाही. रडते."

"कोण, तू?"

"मी काहून रडू? मावसा रडते."

हे उत्तर सिनेमात नव्हतं, म्हणून पार्बताबाईंनी ते सोडून दिलं. त्यांनी तिला एक गाणं म्हणायला सांगितलं. खुशीनं आधी इंजिनाचा कानोसा घेतला. ड्रायव्हरनं गिअर बदलला तेव्हा तिला हवी ती पट्टी मिळाली, आणि तिनं रोजचं संध्याकाळचं भजन सुरू केलं. आवाज लहान होता, पण नितळ होता, आणि बरोबर इंजिनाच्या सुरात बसलेला होता. पुढच्या सीटवरचा माणूस शेंगा सोलायचा थांबला. अकरा बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टर प्राजक्ताताई भजन संपेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "हिच्यासंगं कोण हाय?"

"कोणी नाही," पार्बताबाई म्हणाल्या. "हे पोरगी पळून आली."

"म्या नाही पळाली. गाडीच पळाली," खुशी म्हणाली. पण तेव्हाच पिशवीतला मोबाईल वाजला. पार्बताबाईंनी तो काढला. पडद्यावर 'वच्छला' असं नाव होतं. त्यांनी फोन कानाला लावला.

"हॅलो! मी तिचा मावसा बोलून राह्यलो," पलीकडून धापा टाकणारा पुरुषी आवाज आला. "पोरगी हाय ना तिथं? तिले जागेवरून उठू देऊ नोका!"

पार्बताबाईंनी फोनवर हात ठेवला. "नाव बाईचं, अन् आवाज मिशीवाल्याचा!" त्या कुजबुजल्या. सिनेमातल्या मावसानंही असाच फोन केला होता. त्यांनी फोन कापला आणि बंदच करून टाकला. "हे टोळीवाले फोनवरून पत्ता काढतात."

अकोल्याच्या स्टँडवर किसनराव हातातल्या बायकोच्या फोनकडे पाहत उभे राहिले. वच्छलाबाई मात्र चौकशीच्या खिडकीशी पोचल्या होत्या. त्यांनी गाडी, वेळ आणि मुलीच्या फ्रॉकचा रंग सांगितला. आतल्या माणसानं मूर्तिजापूरला फोन लावला. मुलीला तिथल्या कंट्रोल रूममध्ये उतरवून ठेवतील, तुम्ही या, असं ठरलं. पुढची गाडी चाळीस मिनिटांनी होती. बाहेर हुसेन नावाच्या एका रिक्षावाल्याचा ऑटो उभा होता.

"मूर्तिजापूर? बसा काकाजी," सगळं ऐकून हुसेन म्हणाला. "पण एक सांगू? तिथं जाऊन मावसा-गिवसा म्हणू नोका. त्या पिक्चरनं मावसे लोकाइचं लय नुकसान केलं. काल माह्या साढूनं भाच्याले आईस्क्रीम घेऊन देल्लं, तं दुकानवाला त्याले आधार कार्ड मांगे."

हायवेवर ऑटोच्या पुढे कापसाचा ट्रक होता. तो इतका फुगून भरलेला होता, की त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्ता दिसत नव्हता. हुसेनला पुढे जाता येईना. रुईचे बारीक तंतू उडत ऑटोत येऊ लागले. किसनराव जन्मभर कापूस पिकवत आले होते, आणि जन्मभर तो त्यांच्या नाकाला सोसत नव्हता. त्यांनी नाक रुमालानं दाबून धरलं.

"दोन वर्षं झाले," वच्छलाबाई समोर पाहत म्हणाल्या. "एक सही कराची हाय. आज केली असती तं आता घरी चहा पेत बसलो असतो."

किसनरावांनी रुमाल आणखी घट्ट दाबला.

"पोरगी नोको काय तुमाले?"

"नोको काहून असन?" ते रुमालातून म्हणाले. "तिनं नाही म्हटलं तं?"

"काय नाही म्हटलं तं?"

"म्या कागदावर लिहून देल्लं का मी बाप हावो, अन् तिनं म्हटलं का, तू माहा बाप नोहोस, तं? मंग मावसाबी राहत नाही माणूस."

वच्छलाबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तिले इचारलं काय कधी?"

"नाही."

"काहून?"

"पाहू म्हटलं," किसनराव म्हणाले.

मूर्तिजापूरच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. प्राजक्ताताईंनी खुशीला तिथे सोडलं आणि गाडी पुढे नेली. खुशी बाकावर पाय लांब करून बसली. बचत गटाचं गाव तेच असल्यानं अकरा बायका तिच्याभोवती उभ्या राहिल्या. तिला दोन आलुबोंडे खाऊ घालण्यात आले. वाहतूक नियंत्रक जानराव टेबलामागे होते. दोन वर्षांत निवृत्त होणारा, भांडण नको असलेला माणूस.

"बाई, तुमी घरी जा. तिचे लोकं येऊन राह्यले. अकोल्याहून फोन होता," ते म्हणाले.

"लोकं नोहोत, मावसा येऊन राह्यला," पार्बताबाई म्हणाल्या. "त्याच्या हाती पोरगी जाऊ देणार नाही आमी. पुरावा दाखवा म्हणा."

"काय पुरावा?"

पार्बताबाईंनी क्षणभर विचार केला. "सिनेमात मायनं अर्धं गाणं म्हणून दाखवलं होतं."

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक प्रचंड शिंक आली. खिडकीची काच थरथरली. खुशीनं हातातला बोंडा खाली ठेवला.

"मावसा आला," ती म्हणाली. "काळी एक."

दुसरी शिंक आली, आधीपेक्षा चढी.

"काळी दोन," खुशी म्हणाली. पार्बताबाई दाराकडे निघाल्या, तशी तिनं हात वर केला. "थांबा. तिसरी बाकी हाय. ते एकदम वर जाते, काळी पाच. तिच्यानंतरच तो चालते."

सगळे थांबले. जानरावांनी पेन हवेत धरलं. अकरा बायकांनी श्वास रोखले. एक क्षण गेला, दोन गेले. कोणीतरी पुटपुटलं, "नाही आली." आणि मग बाहेरून तिसरी शिंक आली. ती सुरुवातीपासूनच इतक्या वरच्या पट्टीत होती, की स्टँडवरचं कुत्रं उठून गेलं. त्यानंतरच दारात मिशीला, भुवयांना आणि कानांना पांढरी रुई लागलेले किसनराव दिसले. मागे वच्छलाबाई होत्या.

"म्या जागा नाही सोडली," खुशी म्हणाली. "बसा दोघंबी."

किसनरावांनी तिला पाहिलं आणि दाराची चौकट धरली.  ते बाकावर बसले. खुशीनं पाय आखडून त्यांना बरोबर एका माणसाची जागा दिली. मग दुसरी, वच्छलाबाईंना.

"हाच पुरावा की हो," जानराव म्हणाले.

"कसला पुरावा?" पार्बताबाईंनी डोळे पुसले, पण जागा सोडली नाही. "सिनेमातलं पोरगंबी त्या मावसाले वयखतच होतं. वयखणं येगळं अन् नातं येगळं. रजिस्टरात लिहून घ्या."

जानरावांनी नाइलाजानं रजिस्टर उघडलं. "मुलीले ताब्यात घेणाऱ्याचं नाव?"

"किसनराव गावंडे. हिवरखेड."

"नातं?"

किसनरावांनी तोंड उघडलं. अकरा बायका पुढे झुकल्या. हुसेन दारातून मान हलवून 'नको, नको' अशी खूण करत होता.

"ते… आमच्या घरवालीच्या मामेबहिणीची पोरगी हाय," किसनराव म्हणाले. "म्हणजे मी तिच्या मायच्या आतेबहिणीचा…"

जानरावांनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. 'नाते' हा रकाना दीड इंच रुंद होता. "एवढं मावत नाही याच्यात, भाऊ. एक शब्द सांगा."

"रेघ मारली तं चालते काय?"

"नाही चालत. खाली माही सही हाय."

 दोन वर्षं वच्छलाबाईच बोलत होत्या. आज त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि ती तपासू लागल्या. मोबाईल, पाण्याची बाटली, खुशीची गाण्याची वही. वही टेबलावर पडली, ती जानरावांनी सहज उचलली. वरचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं, कारण त्यांना सगळंच मोठ्यानं वाचायची सवय होती.

"कुमारी खुशी किसनराव गावंडे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "किसनराव तुमीच ना? मंग इतका येळ मामेबहीण अन् आतेबहीण काय लावली, भाऊ?"

किसनरावांनी वही हातात घेतली. शाळेच्या हजेरीत खुशीच्या नावापुढे तिच्या वारलेल्या वडिलांचं नाव होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. पण वहीवरचं अक्षर खुशीचं होतं. 'किसनराव'मधला 'स' उलटा काढून मग दुरुस्त केलेला होता. वहीच्या कडा मळलेल्या होत्या. म्हणजे ती आजची नव्हती.

"हे कवा लिहिलं?" त्यांचा आवाज भलत्याच पट्टीत गेला.

"दुसरीत."

"मले काहून नाही सांगितलं?"

खुशीनं उरलेला आलुबोंडा उचलला. "पाहू म्हटलं," ती म्हणाली.

 पार्बताबाईंनी पदर तोंडाशी नेला, आणि या वेळी त्या कशाशी तुलना करत नव्हत्या. वच्छलाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या, पण त्यांचे खांदे सैल झाले होते. जानरावांचं पेन त्या दीड इंचाच्या रकान्यावर थांबलं होतं.

"हं. मंग काय लिहू, भाऊ?"

किसनरावांनी मिशीवरची रुई पुसली, घसा साफ केला, आणि शेवटच्या बाईलाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"लिहा. बाप."